हत्यारांची यादी मोठी, खिसा लहान

सर,
इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमाला मी नुकताच प्रवेश घेतला आहे. पहिल्याच आठवड्यात हत्यारांची यादी हातात पडली, २६ वस्तूंची. दुकानात भाव काढला तर बेरीज सत्राच्या फीच्याही वर गेली. विद्यार्थी सवलतीच्या साइटवर गेले, तर तिथे माझ्या संस्थेचं नावच येत नाही. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, 'सवलत कॉलेजवाल्यांना असते, तुम्हाला कसली?' वर्गातल्या एका मुलाने अर्ध्या किमतीत ६० नगांचा संच घेतलाय आणि मीही तोच घ्यावा असं त्याचं म्हणणं आहे. बाबा म्हणतात, उसने आणतो, पण चांगलं घे. मला त्यांच्यावर भार टाकायचा नाही आणि वर्कशॉपमध्ये रिकाम्या हातांनीही उभं राहायचं नाही. आमच्यासारख्यांना सवलत खरंच मिळते का? मिळत असेल तर कुठे, आणि मागायची कशी?
— पहिल्या सत्रातली विद्यार्थिनी

मिळते. मात्र 'विद्यार्थी सवलत' अशी पाटी लावलेल्या दारातून इलेक्ट्रिशियनच्या हाती फारसं काही लागत नाही. लॅपटॉप, बूट, गाण्यांचं सदस्यत्व यांच्यासाठी ते दार आहे. आपल्या हत्यारांची सवलत दुसऱ्या दारांतून मिळते आणि बहुतेक ठिकाणी ती तोंड उघडून मागावी लागते. ती दारं कोणती, ते सांगतोच. पण त्याआधी एक ऐक. या आठवड्यात काहीही विकत घेऊ नकोस.

यादी घे आणि वर्कशॉपच्या शिक्षकांकडे जा. त्यांना म्हणावं, यातलं पहिल्या दिवसापासून काय लागेल, या सत्रात कधीतरी काय लागेल आणि वर्कशॉपच्या कपाटात आधीच काय आहे, त्यावर खुणा करून द्या. मी बरीच वर्षं वायरिंगची कामं केली, नंतर वर्कशॉपमध्ये शिकवलं, म्हणून सांगतो. या याद्या सबंध अभ्यासक्रमासाठी केलेल्या असतात आणि एकदा टाइप झाली की तीच यादी पुढे वर्षानुवर्षं वाटली जाते. त्यात इन्सुलेशन तपासायचा मेगर असतो, कॉन्ड्युट म्हणजे वायरची नळी वाकवायचं बेंडर असतं, केबलच्या टोकाला धातूचा मोठा लग दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल असतं. या वस्तू वर्कशॉपच्या मालकीच्या असतात आणि सगळा वर्ग त्या आळीपाळीने वापरतो. पहिल्या सत्रात तुझ्या स्वतःच्या हातात लागतील ती हत्यारं थोडी आहेत: पक्कड, साइड कटर, नोज प्लायर, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, टेस्टर, टेप, चाकू आणि एक बरा मल्टीमीटर. तुमच्या संस्थेत यात एखाददुसरी वस्तू कमी-जास्त होईल. २६ मधल्या १० वस्तूंवर पहिली खूण आली तर तुझी निम्मी काळजी तिथेच मिटेल. कोणतंही कूपन तुला एवढी सूट देणार नाही.

आता संस्थेचं नाव का येत नाही ते पाहू. बऱ्याच कंपन्या विद्यार्थी कोण, हे स्वतः तपासत नाहीत. शीअरआयडी, युनिडेज, स्टुडंट बीन्स यांसारख्या सेवांकडे ते काम दिलेलं असतं. या सेवांकडच्या यादीत विद्यापीठं आणि मोठी महाविद्यालयं भरलेली असतात, व्यवसाय शिक्षणाच्या संस्था बऱ्याचदा नसतात. शिवाय पडताळणीसाठी संस्थेचा ईमेल मागतात आणि तोही आपल्याकडे नसतो. नाव दिसलं नाही की मुलं तिथूनच परत फिरतात. तू फिरू नकोस. बऱ्याच फॉर्मच्या तळाशी 'माझी संस्था यादीत नाही' किंवा 'कागदपत्रं जोडा' असा पर्याय असतो. त्यावर टिचकी मारली की माणूस किंवा यंत्र तुझा कागद वाचतं आणि हो-नाही कळवतं.

कागद नाकारला जाण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. ओळखपत्रावर नाव आहे, फोटो आहे, पण तारीख कुठेच नाही, म्हणजे तू आज शिकते आहेस हे त्यातून सिद्ध होत नाही. फोटो काढताना कार्डाचा एक कोपरा बोटाखाली राहिला. फॉर्ममध्ये आडनाव आधी लिहिलं आणि कार्डावर शेवटी आहे. पावतीवर संस्थेचं नाव फक्त आद्याक्षरांत आहे. म्हणून संस्थेच्या कार्यालयातून एक बोनाफाईड दाखला घेच, आणि तो 'ही आमची विद्यार्थिनी आहे' एवढ्या एका ओळीवर सोपवू नकोस. त्यात तुझं पूर्ण नाव ओळखपत्रावर आहे तसंच असावं, संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता असावा, अभ्यासक्रमाचं नाव, तो सुरू कधी झाला आणि संपणार कधी, आणि खाली सही, शिक्का, दाखल्याची तारीख. चालू सत्राच्या फीची पावती सोबत ठेव. दोन्ही टेबलावर सपाट ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असे फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेव. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत पुरतं. एक काळजी घे: दाखला कुठल्याही अनोळखी साइटवर चढवायचा नाही. आधी हत्यार कंपनीच्या किंवा दुकानाच्या स्वतःच्या पानावर जा आणि तिथून पडताळणीकडे वळ. सरकारी ओळखपत्राचा क्रमांक किंवा बँकेचा तपशील मागितला तर ते पान बंद कर, विद्यार्थी असल्याचं सिद्ध करायला त्याची गरज नसते.

शोधताना शब्दही बदलून बघ. 'स्टुडंट डिस्काउंट' टाकलंस की तीच गाणी आणि तेच बूट समोर येतील. त्याऐवजी 'अप्रेंटिस', 'ट्रेड स्कूल', 'एज्युकेशन प्राइसिंग' हे शब्द कंपनीच्या नावापुढे लावून शोध. हत्यारं बनवणारे लोक आपल्याला 'स्टुडंट' म्हणतातच असं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शिकाऊ कारागीर असतो.

आता मुख्य दार. कंपनीला थेट लिही. हत्यार कंपन्यांना ठाऊक असतं की शिकताना ज्या नावाची पक्कड हाताला बसते, तेच नाव माणूस पुढची कित्येक वर्षं विकत घेतो. त्यामुळे शिकणाऱ्याचं पत्र तिथे वाया जात नाही. थेट विक्री नसेल, तर जवळच्या वितरकाचं नाव तरी कळवतात. मजकूर असा ठेव: 'मी अमुक संस्थेत इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या सत्रात शिकते. आमच्या यादीत तुमची अमुक मॉडेलची पक्कड आणि अमुक मॉडेलचा मीटर आहे. शिकणाऱ्यांसाठी किंवा अप्रेंटिससाठी सवलत असल्यास ती कशी घ्यायची, आणि संस्थेमार्फत एकत्र मागणी केल्यास दर वेगळा मिळेल का, ते कळवावं. दाखला सोबत जोडला आहे.' एवढं पुरे. घरची परिस्थिती लिहू नकोस. तू मदत मागत नाहीस, गिऱ्हाईक म्हणून दर विचारते आहेस.

या मजकुरातलं 'संस्थेमार्फत एकत्र' हे सगळ्यात महत्त्वाचं. तू ज्या दुकानात भाव काढलास ते बहुधा किरकोळ हार्डवेअरचं दुकान असावं. ज्या काउंटरवर वायरिंगचे ठेकेदार माल उचलतात, केबल, एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच), कॉन्ड्युट जिथे गठ्ठ्याने निघतात, तिथे जा. तिथला दर छापील किमतीवर ठरत नाही, किती माल उचलता आणि कोणाच्या खात्यावर उचलता यावर ठरतो. एकटी गेलीस तर दोन-चार टक्के सुटतील. वीस जणांची एकच मागणी, संस्थेच्या लेटरहेडवर आणि एकाच बिलात, अशी नेलीस तर तिथला माणूस खुर्ची पुढे करतो. विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलतीपेक्षा ठेकेदाराचा दर बऱ्याचदा चांगला असतो, आणि तो दर शिकणाऱ्यांना द्यायला कुठला नियम आडवा येत नाही, फक्त तसं कोणी मागत नाही.

एकत्र खरेदीत एक चूक आमच्या हातून झाली होती. मी स्वतः शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चौदा जणांनी पैसे जमवले आणि एका दुकानाला मागणी दिली. कागदावर आम्ही लिहिलं, 'पक्कड, ८ इंची, नग १४'. दाखवायला ठेवलेली पक्कड सुरेख होती. जबडा मिटला की मधून उजेड येत नव्हता, आणि कापायची धार वरपासून खालपर्यंत एकसारखी टेकत होती. पेटी आली तेव्हा आत दुसरीच चौदा हत्यारं होती. रंग तोच, लांबी तीच, पण मिटली की धारेच्या टोकाला केसाएवढी फट राहायची. जाड तार तुटायची, बारीक तार मात्र फटीत वाकून तशीच राहायची. दुकानदाराने आमचाच कागद पुढे केला आणि म्हणाला, ८ इंची आहे की नाही? होती. परत काहीच मिळालं नाही. त्या पकडीने मी वर्षभर प्रत्येक बारीक तार दोनदा दाबून कापली. तुमच्या मागणीत प्रत्येक वस्तूपुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल क्रमांक लिहा. कोटेशनवर 'पर्यायी माल विचारल्याशिवाय देऊ नये' ही ओळ घालून घ्या. तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या. पैसे जमवून झाल्यावरच मागणी द्या, कारण शेवटच्या क्षणी दोघे गळाले की दर बदलतो आणि भुर्दंड पैसे गोळा करणाऱ्याला बसतो. पेटी दुकानातच उघडा. बिलाची प्रत प्रत्येकाकडे असू द्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी एका बिलामागे वीस जण फिरतील.

मागणी कोणी गोळा करायची हा प्रश्न येईलच. तूच कर. आणि तुमच्या शिक्षकांना आधी विश्वासात घे, म्हणजे लेटरहेड मिळायला अडचण येणार नाही.

आता त्या ६० नगांच्या संचाबद्दल. तुझ्या वर्गमित्राला दोष देत नाही, अर्धी किंमत दिसली की कोणाचाही हात पुढे जातो. पण तो संच एकदा टेबलावर पसरून बघ. ६० मधले चाळीसेक नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट आणि नट फिरवायचे सॉकेट असतील, आणि त्यातले बरेच इलेक्ट्रिशियनच्या हातात कधी येणार नाहीत. त्याच वेळी एमसीबीच्या बऱ्याच टर्मिनल स्क्रूंना, म्हणजे वायर घट्ट धरणाऱ्या स्क्रूंना, जे पोझिड्राइव्हचं २ नंबरचं टोक चपखल बसतं, ते आत नसण्याचीच शक्यता जास्त. पोझिड्राइव्ह आणि फिलिप्स हे फुलीच्या आकाराच्या खाचेचे दोन प्रकार, लांबून सारखेच दिसतात. पोझिड्राइव्हच्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. तिथे फिलिप्सचं टोक लावलं की ते जोर देताच वर सरकतं, खाच खाऊन टाकतं आणि टर्मिनल ढिलं राहतं. ढिलं टर्मिनल तापतं. पुढचं तुला वर्गात शिकवतीलच.

त्याहून मोठी गोष्ट मुठीवरच्या प्लास्टिकची. स्वस्त संचातल्या पकडीला लाल-पिवळं, मऊ, जाड वेष्टण असतं आणि ते बघून माणसाला वाटतं की हे इन्सुलेटेड आहे. पुष्कळदा ते फक्त हाताला बरं वाटावं म्हणून बुडवून चढवलेलं असतं. विजेच्या कामासाठी केलेल्या हत्याराला आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होतं. एकावर एक अशा दोन त्रिकोणांची खूण, शेजारी १००० व्ही, बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह, मॉडेल आणि कोणत्या वर्षी बनवलं तो आकडा, हे सगळं त्या हत्यारावरच उमटवलेलं असतं. अशी हत्यारं पाण्यात बुडवून १०,००० व्होल्टला तपासतात आणि मगच १००० व्होल्ट एसीपर्यंतच्या कामाची म्हणून विकतात. चांगल्या कंपन्या वेष्टणाचे दोन थर वेगवेगळ्या रंगांचे देतात. वरचा लाल झिजून आतला पिवळा दिसला की ते हत्यार बाजूला काढायचं, हे डोळ्यांनाच कळतं. दुकानात उभी असशील तेव्हा मूठ हातात घे, अंगठ्याने फिरव आणि या खुणा शोध. खुणा फक्त खोक्यावर असतील आणि हत्यारावर नसतील, तर ते परत ठेव. आणि खुणा असल्या तरी चालू लाइनवर काम करायची मुभा त्यातून मिळत नाही. आधी पुरवठा बंद, मग तपासणी, मग हात. इन्सुलेशन आपली एखादी चूक सांभाळून घेण्यासाठी असतं.

मीटरच्या बाबतीत मी आणखी हट्टी आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी घासाघीस कर, जुनं घे, उसनं घे, इथे नको. प्रोब लावायच्या भोकांजवळ मीटरवर 'कॅट' आणि रोमन आकडा छापलेला असतो, तो मीटर कोणत्या जागी वापरायचा त्याची ती श्रेणी. कॅट २ म्हणजे सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी, कॅट ३ म्हणजे वितरण बोर्ड आणि इमारतीच्या पक्क्या वायरिंगसाठी, कॅट ४ म्हणजे पुरवठा जिथून आत येतो तिथपर्यंत. तुला बोर्डावर शिकायचं आहे, म्हणजे कॅट ३ च्या खालचा मीटर नको. दुकानदार तुला म्हणेल की हा कॅट २ चा १००० व्होल्टचा घ्या, तो कॅट ३ च्या ६०० व्होल्टवाल्यापेक्षा मोठा आहे. तो फसवत असेलच असं नाही, त्यालाही माहीत नसेल. दोघांची चाचणी ६००० व्होल्टच्या क्षणिक धक्क्यानेच होते. फरक धक्क्यामागच्या ताकदीत आहे. कॅट २ च्या चाचणीत स्रोताचा रोध १२ ओहम धरतात, कॅट ३ मध्ये २ ओहम. तुझ्याच वहीतला ओहमचा नियम (प्रवाह म्हणजे व्होल्ट भागिले रोध) लावून बघ: ६००० भागिले १२ म्हणजे ५०० अँपिअर, ६००० भागिले २ म्हणजे ३००० अँपिअर. बोर्डाजवळ लाइनवर धक्का आला तर मीटरच्या आत सहापट प्रवाह घुसू शकतो, आणि तो मीटर तुझ्या हातात असतो. म्हणून आकडा कॅटचा आधी बघायचा, व्होल्टचा नंतर. यूएल, व्हीडीई, टीयूव्ही, सीएसए यांपैकी एखाद्या स्वतंत्र चाचणी संस्थेची खूण आहे का तेही बघ. सीई ही खूण बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे तेवढ्यावर मी थांबणार नाही. अनोळखी विक्रेत्याकडे नावाजलेल्या कंपनीचा मीटर फारच स्वस्त दिसला तर तो नकली असण्याचा धोका धर. मोठ्या नावाचा सगळ्यात महाग मीटर तुला आत्ता लागत नाही. त्याच कंपनीचा साधा, कॅट ३ चा मीटर तुझी पहिली काही वर्षं निभावून नेईल.

पैसे वाचवायची जागा दुसरीकडे आहे. हातोडी, छिन्नी, हॅक्सॉची फ्रेम, लेव्हल, मोजायची टेप, नट आवळायचे पाने, हत्यारांची पिशवी हे सगळं जुनं घेतलं तरी काही बिघडत नाही. निवृत्त होणारा किंवा धंदा बदलणारा इलेक्ट्रिशियन शोध. अशा माणसाकडे पेटीच्या पेटी पडून असते, आणि शिकणारी मुलगी घेते आहे म्हटल्यावर तो भाव करत बसत नाही, उलट कोणतं हत्यार कशाला वापरायचं हे दाखवून देतो. बाजारात कुठेही छापलेली नसलेली ती सवलत आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. चांगल्या पोलादाचं हत्यार जुनं होत नाही. क्लाइन या अमेरिकन कंपनीची सुरुवातच एका जुन्या पकडीतून झाल्याचं ती कंपनी सांगते. १८५७ मध्ये शिकागोत तारायंत्राच्या लाइनवरचा एक कामगार अर्धी मोडलेली पक्कड घेऊन माथियास क्लाइनकडे आला. क्लाइनने मोडलेला अर्धा भाग नव्याने घडवून जुन्याला रिव्हेटने जोडून दिला. पुढे उरलेला जुना अर्धाही मोडला, तोही घडवला, आणि क्लाइनची पहिली पूर्ण पक्कड तयार झाली. विजेच्या कामाची नसलेली साधी जुनी पक्कड घेताना ती मिटून उजेडाकडे धर, धारेत फट दिसते का बघ, आणि सांधा बाजूला हलवून खेळतो का बघ.

जुनं घ्यायचं नाही अशा तीनच वस्तू आहेत: इन्सुलेटेड हत्यार, टेस्टर आणि मीटर, मीटरच्या वायरींसकट. त्यांचा आधीचा इतिहास आपल्याला दिसत नाही. मुठीत बारीक तडा असला, वायर आतून तुटत आली असली, तर ते नको त्या क्षणी कळतं. घरात कोणी मीटर देऊ केला तर तो आधी शिक्षकांना उघडून बघायला सांग. आतला फ्यूज काढून कोणी तार बांधलेली असते. मी ते एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलं आहे.

बॅटरीवर चालणारं ड्रिल तुझ्या यादीत असेल तर ते शेवटी ठेव. त्यावर सवलती सगळ्यात भडक असतात आणि खरा खर्च बॅटरीत दडलेला असतो. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही, त्यामुळे पहिलं ड्रिल घेताना आपण पुढच्या पाच यंत्रांची कंपनी ठरवून टाकतो. वर्कशॉपमध्ये कोणती बॅटरी आहे आणि तुझ्या ओळखीतले कामगार कोणती वापरतात, ते आधी बघ. आणखी एक, १८ व्होल्टचं आणि '२० व्होल्ट मॅक्स'चं, दोन्ही एकाच ताकदीच्या वर्गातली. आत तेच पाच सेल असतात. प्रत्येकी ३.६ धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४ धरले तर २०. दोन व्होल्टसाठी जास्त पैसे मोजू नकोस.

सवलतीचं गणितही कागदावर कर, मनात नको. '२० टक्के आणि वर १० टक्के' म्हणजे ३० टक्के होत नाहीत. १०० चे ८० झाले, ८० चे १० टक्के ८, राहिले ७२, म्हणजे सूट २८. पाठवणी खर्च आला की त्यातली थोडी आणखी जाते. टक्के कोणत्या आकड्यावर काढलेत तेही बघ. खोक्यावरच्या किमतीवर ४० टक्के सूट मोठी वाटते, पण ती वस्तू त्या किमतीला कोणी विकतच नसेल, तर ती सूट कागदावरचीच. तीन काउंटरवरचा हातात पडणारा शेवटचा भाव विचार आणि त्याचीच तुलना कर.

रेखांकनाचं सॉफ्टवेअर यादीत असेल तर त्यासाठी पैसे खर्च करायच्या आधी थांब. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना ती मोफत वापरू देते. मुदत एक वर्षाची असते आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी नव्याने घेता येते. तिथेही तोच दाखला कामी येईल. नियमांचं पुस्तक घेताना मात्र वर्गात कोणती आवृत्ती चालते ते विचारूनच घे. जुनी आवृत्ती स्वस्त मिळते, पण परीक्षेत नवीच विचारतात.

बाबांबद्दल तू लिहिलंस ते मला लागलं. 'चांगलं घे' हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पहिल्या खुणेच्या वस्तूंची बेरीज काढ आणि ती त्यांना दाखव. त्यातही मीटर, टेस्टर आणि इन्सुलेटेड हत्यारं नवी, बाकीची जुनी, अशा दोन रकमा वेगळ्या मांड. आकडा समोर आला की उसने आणायचे की नाहीत, आणायचे तर किती, हे दोघांना शांतपणे ठरवता येईल. त्याआधी संस्थेच्या कार्यालयात एक प्रश्न विचार: हत्यारांसाठी काही अनुदान, शिष्यवृत्ती किंवा हप्त्यांची सोय आहे का? फीसाठीच्या मदतीची सूचना फलकावर लागते, हत्यारांसाठीची बहुधा फाइलमध्ये राहते, कारण कोणी विचारायला येत नाही. आणि पुढच्या सत्राचं ओझं आत्ताच उचलू नकोस. बऱ्याच ठिकाणी कामाला लागल्यावर हातातली हत्यारं कारागिराची आणि मोठी यंत्रं मालकाची अशीच रीत असते. शिकता शिकता अप्रेंटिस म्हणून कुठे जोडली गेलीस तर तिथे हत्यारं कोण देतं, हे पहिल्याच भेटीत विचार.

त्या दुकानदाराचं 'तुम्हाला कसली' मनावर घेऊ नकोस. तो ज्या दिव्याखाली बसून तुला हे म्हणाला, त्याचं वायरिंग कोणीतरी असंच एखाद्या वर्कशॉपमध्ये शिकून केलं असणार. तू दाखला घेऊन दुसऱ्या काउंटरवर जा. विचारताना आवाज खाली नको आणि मान खाली नको. 'मी इलेक्ट्रिशियनचं शिकते, आमच्या वर्गाची वीस जणांची मागणी आहे, तुमचा दर काय?' एवढंच बोल आणि उत्तराची वाट बघ.

हत्यारं आली की प्रत्येकाच्या धातूच्या भागावर नाव कोरून घे किंवा मुठीच्या टोकाला तुझ्या रंगाची टेप गुंडाळ, वीस जणांच्या वीस पकडी एकसारख्याच असणार आहेत. टेप फक्त टोकाला लाव, मुठीवरचे ते दोन त्रिकोण झाकू नकोस. शिक्षकांनी खुणा करून दिल्या की यादी मला पाठव. पहिल्या खुणेतल्या एखाद्या मॉडेलवर अडलीस तर आपण दोघं मिळून बघू.